आवडत्या गाण्यांची बखर

बखर आणि अस्सल कागद यांचा तंटा महाराष्ट्रांतील वाचकांस नवा नाहीं. इतिहासाचार्य राजवाड्यांनीं बखरकारांच्या विधानांवर अविश्वास दाखवून मूळ पत्रांस प्रमाण मानलें, तेव्हांपासून बखर हा शब्द उच्चारतांच आपल्या मनांत थोडी शंका उभी राहते. तथापि बखरींत एक गोष्ट अशी असते कीं जी हिशेबाच्या कागदांत सहसा सांपडत नाहीं. घडलेल्या गोष्टी मागाहून लोकांच्या मनांत कोणत्या रूपानें टिकल्या, हें बखरच सांगते. एखाद्या रसिकानें केलेली आपल्या आवडत्या गाण्यांची यादी ही आमच्या मतें अशीच एक लहानशी बखर होय. तिच्यांत प्रेम असतें, अतिशयोक्ति असते, आणि खरा इतिहासही असतो. मात्र तो निवडून घ्यावा लागतो.

प्रस्तुत लेखांत आम्हीं घेतलेलीं गाणीं ‘हेवी मेटल’ या नांवानें जगभर ओळखल्या जाणाऱ्या संगीतांतलीं आहेत. विजेनें चालणाऱ्या गिटारीचा जाड, खरखरीत नाद, ढोलांचे घणासारखे आघात आणि ताणलेला कंठ हीं या संगीताचीं ठळक लक्षणें. ज्यांच्या कानांस तो केवळ गोंगाट वाटतो, त्यांच्याशीं आम्हांस वाद घालावयाचा नाहीं. गोंगाटालाही इतिहास असतो, एवढेंच आमचें म्हणणें आहे. विचारावयाचा प्रश्न निराळाच आहे. गाण्याबरोबर जी आठवण येते ती कोणाची? ऐकणाराची, कीं करणाराची?

या बखरीचा आरंभ इंग्लंडांतील बर्मिंगहॅम शहराच्या अॅस्टन नांवाच्या कामकरी वस्तींत होतो. दुसऱ्या महायुद्धांत या शहरावर जर्मन विमानांनीं बाँबवर्षाव केला होता. टोनी आयोमी, बिल वॉर्ड व ऑझी ऑस्बर्न हे १९४८ सालीं आणि गीझर बटलर १९४९ सालीं, अशीं हीं चार मुलें युद्ध संपल्यानंतर त्या पडझडींतच जन्मलीं व वाढलीं. ऑझीनें कांहीं काळ खाटीकखान्यांत काम केलें, कांहीं काळ मोटारींचे भोंगे तपासण्याच्या कारखान्यांत घालविला. आयोमी हा पत्र्याच्या कारखान्यांत होता. १९६५ सालीं, वयाच्या सतराव्या वर्षीं, नोकरीच्या अगदीं शेवटच्या दिवशीं, त्याला नेहमींच्या कामगाराच्या जागीं एका दाबयंत्रावर बसविण्यांत आलें, आणि त्या यंत्रांत उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांचीं अग्रें तुटलीं. तो डावखुरा वादक असल्यामुळें तारा दाबण्याचा हात नेमका हाच होता.

कारखान्यांतील त्याच्या मुकादमानें त्याला जँगो राइनहार्ट याची ध्वनिमुद्रिका ऐकविली. या जिप्सी गिटारवादकाचा डावा हात १९२८ सालीं आगींत भाजून त्याचीं दोन बोटें निकामी झालीं होतीं, तरी तो उरलेल्या बोटांनीं अद्‌भुत वाजवीत असे. आयोमीनें मग प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांसाठीं टोपणें केलीं, त्यांवर जुन्या कोटाचें कातडें चिकटविलें, आणि बोटांवर ताण कमी पडावा म्हणून बँजोच्या बारीक तारा गिटारीला लावल्या. पुढें ज्या नादावर एक संपूर्ण संगीतपंथ उभा राहिला, त्याच्या मुळाशीं एका कामगाराची ही घरगुती खटपट आहे.

आमच्या यादींतलें पहिलें गाणें ‘ब्लॅक सॅबथ’. मंडळीचें नांव तेंच, आणि १३ फेब्रुवारी १९७० रोजीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पहिल्या संग्रहाचेंही तेंच. आरंभीं पाऊस पडतो, दूर देवळाची घंटा वाजते, आणि मग तीन स्वर येतात: षड्ज, त्याचाच वरचा षड्ज, आणि तेथून खालीं उतरून तीव्र मध्यम. युरोपीय संगीतांत या अंतरास सैतानाचें नांव चिकटलेलें आहे. म्हणूनच या गाण्यानें तिकडील श्रोत्यांच्या अंगावर कांटा उभा राहिला, असें सांगतात. गंमत ही कीं, आमच्या यमनांत हाच तीव्र मध्यम संध्याकाळच्या प्रसन्नतेचा वाहक असतो. भय त्या स्वरांत नाहीं; तें त्याच्या संथ चालींत, त्याच्या वजनांत आणि त्याच्या एकाकीपणांत आहे. यमनावर वाढलेला कान हें गाणें प्रथम ऐकतो तेव्हां ओळखीचा माणूस अनोळखी वेषांत दारांत उभा राहावा, तसें त्याला होतें.

येथें बखरीची पहिली तपासणी करावयास हवी. रसिकमंडळींत अशी समजूत रूढ आहे कीं, बोटें तुटल्यामुळें आयोमीनें तारा सैल केल्या आणि त्या सैल तारांतूनच १९७० सालीं हें संगीत जन्मास आलें. कथा सुबक आहे, परंतु कालानुक्रम तिला साथ देत नाहीं. पहिल्या दोन संग्रहांतील बहुतेक वादन नेहमींच्याच पट्टींत आहे. तारा दीड स्वर खालीं उतरविण्याचा प्रकार १९७१ च्या ‘मास्टर ऑफ रिॲलिटी’ या तिसऱ्या संग्रहांत, ‘चिल्ड्रन ऑफ द ग्रेव्ह’ व ‘इन्टु द व्हॉइड’ यांसारख्या गाण्यांत येतो. म्हणजे तो जड नाद आधीं मनांत व हातांत तयार झाला, सैल तारा मागाहून त्याच्या मदतीस आल्या. अपघातानें वादक घडविला असें म्हणण्यापेक्षां, वादकानें अपघातास पुरून उरण्याची रीत शोधिली असें म्हणणें अधिक खरें होईल. दंतकथा येथें जें श्रेय यंत्राला देते, तें इतिहास माणसाला परत करतो.

दुसरें गाणें ‘पॅरानॉइड’. त्याच १९७० सालच्या दुसऱ्या संग्रहांत थोडी जागा उरली होती, ती भरून काढण्याकरितां हें तीन मिनिटांच्या आंतलें गाणें घाईघाईनें रचलें गेलें. ज्यावर मंडळीनें खरी मेहनत घेतली होती तें युद्धखोरांवरचें ‘वॉर पिग्ज’ हें दीर्घ गाणें. व्हिएटनामचें युद्ध तेव्हां चालूंच होतें. परंतु लोकांनीं उचललें तें जागा भरण्यासाठीं केलेलें गाणें. इंग्लंडांत तें खपाच्या यादींत चौथ्या क्रमांकापर्यंत चढलें. कर्त्याचा हेतु आणि श्रोत्याची निवड यांत केवढें अंतर असूं शकतें, याचें याहून स्पष्ट उदाहरण आम्हांस ठाऊक नाहीं.

तिसरें गाणें ‘ब्रेकिंग द लॉ’. तें त्याच परगण्यांतल्या ‘जूडस प्रीस्ट’ या मंडळीचें. १९८० सालच्या आरंभीं इंग्लंडांतील पोलाद-कामगारांचा देशव्यापी संप झाला, आणि त्याच वर्षीच्या एप्रिल महिन्यांत या मंडळीचा ‘ब्रिटिश स्टील’ हा संग्रह बाहेर पडला. बेकार, वैतागलेल्या तरुणाच्या तोंडचें हें गाणें आहे. त्यांत कांच फुटल्याचा जो आवाज ऐकूं येतो तो दुधाच्या बाटल्या खरोखरच फोडून मुद्रित केलेला आहे. संपावर निबंध पुष्कळ लिहिले गेले असतील. परंतु बेकारीचा आवाज कसा असतो, हें या अडीच मिनिटांत ऐकावयास मिळतें.

आतां हीं गाणीं मुंबईस कशीं आलीं, हें सांगितल्यावांचून आमची बखर पुरी होत नाहीं. तीं आलीं मुख्यतः कॅसेटींतून. एकीवरून दुसरी, दुसरीवरून तिसरी अशी नक्कल होतां होतां मूळ नादाचा निम्मा तेजोभंग झालेला असे. काळा घोडा येथील ‘ऱ्हिदम हाउस’ या दुकानांत तासन्‌तास उभें राहून एखादी कॅसेट विकत घेणारा, आणि तिच्या पांच नकला करून घेणारे त्याचे पांच मित्र, असा तो संसार होता. धोबी तलावाजवळच्या रंगभवनांत १९८६ सालीं सुरू झालेला ‘इंडिपेन्डन्स रॉक’ हा मेळावा बरींच वर्षें भरत असे, आणि तेथें हींच गाणीं येथल्याच मुलांच्या हातून जिवंत ऐकावयास मिळत. आमच्या पिढीच्या कित्येकांस ‘पॅरानॉइड’ म्हटलें कीं बर्मिंगहॅमचा कारखाना आठवत नाहीं. परीक्षेच्या आदल्या रात्रीचा गच्चीवरचा वारा आठवतो, शेवटची लोकल आठवते, पुढें परदेशीं गेलेला किंवा जगांतूनच गेलेला एखादा मित्र आठवतो. कॅसेटीबरोबर गाणें आलें. त्या तुटलेल्या बोटांची आठवण मात्र तिकडेच राहिली.

हें आश्चर्य थोडें अधिक आहे, कारण यंत्राचा खडखडाट मुंबईस परका नव्हता. गिरणगांवांतल्या मागांचा आवाज येथल्या लाखो घरांचा पोशिंदा होता, आणि त्यांतूनही गाणें निघालेंच. शाहीर अण्णा भाऊ साठे यांनीं गिरणींत काम केलें होतें. त्यांचें व अमर शेख यांचें गाणें कामकऱ्याचें दुःख उघड शब्दांत सांगतें. बर्मिंगहॅमच्या मुलांनीं तेंच ओझें शब्दांपेक्षां नादांत सांठविलें. एकानें कारखान्याविषयीं गाइलें, दुसऱ्यानें कारखान्यासारखें वाजविलें. दोन्ही ठिकाणचीं यंत्रें पुढें थंडावलीं: १९८२ च्या संपानंतर गिरण्या ओसरत गेल्या, आणि बर्मिंगहॅमच्या कारखान्यांचाही तोच मार्ग झाला. राहिलीं तीं गाणीं.

१ फेब्रुवारी २००८ रोजीं ‘आयर्न मेडन’ ही लंडनची मंडळी वांद्रे-कुर्ला संकुलाच्या मैदानांत गाइली. मंडळीचा गायक ब्रूस डिकिन्सन हा स्वतः वैमानिक असून त्या दौऱ्याचें विमान तोच चालवीत असे. त्या दौऱ्यांत त्यांनीं कोलरिजच्या १७९८ सालच्या काव्यावर रचलेलें ‘राइम ऑफ द एन्शन्ट मॅरिनर’ हें तेरा मिनिटांहून लांबीचें आपलें १९८४ सालचें गाणेंही सादर केलें. पक्षी मारल्याच्या पापाची कथा भेटेल त्याला ऐकवीत हिंडणारा तो म्हातारा खलाशी, हा आमच्या मतें रसिकाचाच पूर्वज होय. त्यालाही आपली आठवण दुसऱ्याच्या गळीं उतरविल्यावांचून चैन पडत नसे.

‘ऱ्हिदम हाउस’ २०१६ सालीं बंद झालें. रंगभवनाचा परिसर शांतता क्षेत्रांत मोडूं लागल्यामुळें तेथील मेळावे त्याच्या आधींच थांबले होते. ५ जुलै २०२५ रोजीं अॅस्टनमधल्याच व्हिला पार्क या मैदानांत ‘ब्लॅक सॅबथ’चे मूळ चौघे वीस वर्षांनीं पुन्हां एकत्र आले. कंपवातानें जर्जर झालेला ऑझी सिंहासनासारख्या आसनावर बसूनच गाइला. शेवटचें गाणें ‘पॅरानॉइड’ होतें. त्यानंतर सतरा दिवसांनीं, २२ जुलै रोजीं, तो निवर्तला.

जें गाणें रिकामी जागा भरण्याकरितां रचलें गेलें, त्यावरच पंचावन्न वर्षांनीं त्या मंडळीनें निरोप घेतला. हा निर्णय आयोमीच्या हातानें एकट्यानें केला नाहीं. बर्मिंगहॅमपासून मुंबईपर्यंतच्या अगणित ऐकणारांनीं आपल्या आठवणी त्या लहानशा गाण्यांत सांठवून त्याला तेवढें मोठें केलें. म्हणून आरंभींच्या प्रश्नास आमचें उत्तर असें कीं, गाण्याची आठवण दोघांची असते, आणि इतिहासकारानें दोन्ही खातीं वेगळीं लिहून दोन्ही जपावीं. करणाराच्या खात्यांत तारखा चुकूं नयेत, आणि ऐकणाराच्या खात्यांतून गच्चीवरचा वारा गळूं नये. दुकानें मिटतात, मैदानें मुकीं होतात, गायक जातात. अशा वेळीं ज्यानें आपल्या आवडत्या पांच गाण्यांची यादी करून प्रत्येकासमोर चार प्रामाणिक ओळी लिहून ठेवल्या, त्यानें आपल्या काळाची एक बखर राखली. पुढचा शोधक ती तपासून घेईल. तपासावयास ती असली पाहिजे, एवढेंच.