शाळेने मुलांचे फोटो सोशल मीडियावर टाकले तर? पालकांनी माहीत असाव्यात अशा गोष्टी

शीव कोळीवाड्यापासून अँटॉप हिल, प्रतीक्षानगरपर्यंत आज बहुतेक शाळा, ट्यूशन क्लास आणि बालवाड्यांचं फेसबुक किंवा इन्स्टाग्राम पेज असतं. १५ ऑगस्ट, स्नेहसंमेलन, बक्षीस समारंभ झाला की संध्याकाळपर्यंत फोटो पेजवर येतात. मुलं खूश होतात, नातेवाईकही कौतुक करतात. पण हे फोटो नेमके कोण पाहतं, हा प्रश्न आपण फारसा विचारत नाही.

एका फोटोतून काय काय कळतं?

युनिफॉर्म आणि बॅजवरून शाळा कळते. खाली नाव, इयत्ता, तुकडी लिहिली की मुलाची ओळख पूर्ण होते. "आज सहल निघाली" अशा पोस्टवरून मूल या क्षणी कुठे आहे तेही कळतं. गेटवर येऊन मुलाला नावाने हाक मारणाऱ्या अनोळखी माणसाला एवढी माहिती पुरते. आपल्याकडे बरीच मुलं शाळेत एकटी किंवा व्हॅनने जातात, हे लक्षात घ्या.

फोटो पुढे कुठे जातो?

पेजवरचा फोटो कुणीही सेव्ह करू शकतं. शाळेने नंतर पोस्ट काढली तरी सेव्ह केलेली प्रत राहतेच. ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेने २०२४ मध्ये दाखवून दिलं की ब्राझील आणि ऑस्ट्रेलियातल्या मुलांचे फोटो एआय शिकवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या एका मोठ्या संग्रहात घरच्यांना न विचारता गेले होते. त्यात शाळांनी टाकलेले फोटोही होते. अशा तंत्राने साध्या फोटोपासून खोटे अश्लील चित्र बनवता येतं.

आपल्या समाजाने याची झळ सोसली आहे. २०२१ मध्ये 'सुल्ली डील्स' आणि जानेवारी २०२२ मध्ये 'बुल्ली बाई' या अ‍ॅपवर मुस्लिम महिलांचे सोशल मीडियावरून उचललेले फोटो 'लिलावाला' लावले गेले. 'बुल्ली बाई' प्रकरणात मुंबई पोलिसांच्या सायबर विभागाने अटक केली. त्या प्रौढ महिला होत्या. पण उचललेल्या फोटोचं काय होऊ शकतं, हे त्यातून कळतं.

कायदा काय सांगतो?

सुप्रीम कोर्टाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला. त्यानुसार १८ वर्षांखालील मुलाची माहिती वापरायची तर पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते. दिलेली संमती मागेही घेता येते. मुलांबाबतची जबाबदारी न पाळल्यास २०० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. संमतीसारख्या मुख्य तरतुदी त्यानंतर १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू होतील. तोवर पालकांनी लेखी कळवणं हाच सोपा मार्ग आहे.

एक गोष्ट विसरू नका: जी माहिती आपण स्वतःच जाहीरपणे टाकतो, तिला हा कायदा लागू होत नाही.

पालकांनी काय करावं?

- प्रवेश अर्ज सही करण्याआधी वाचा. "फोटो प्रसिद्धीसाठी वापरू" अशी ओळ असेल तर मान्य नसल्यास तिथेच लिहा.
- मुख्याध्यापकांना दोन ओळींचं पत्र द्या: "माझ्या पाल्याचा फोटो, व्हिडिओ वा नाव माझ्या लेखी परवानगीशिवाय सोशल मीडियावर टाकू नये." पोच घ्या.
- पूर्ण नकार नको असेल तर मधला मार्ग सुचवा: लांबून घेतलेला गटाचा फोटो, नाव नाही, सहलीचे फोटो परतल्यावर. मुलगी मोठी असेल तर तिलाही विचारा.
- पालक-शिक्षक संघाच्या बैठकीत विषय काढा. एकट्यापेक्षा दहा पालकांचं म्हणणं लवकर ऐकलं जातं.
- मकतब, क्लास आणि आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपलाही हेच नियम लावा. दुसऱ्याच्या मुलाचा फोटो न विचारता पुढे पाठवू नका.

गैरवापर झालाच तर?

घाबरून मुलाला रागावू नका. लिंक आणि स्क्रीनशॉट तारखेसह जपून ठेवा, मग त्या अ‍ॅपवर रिपोर्ट करा. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात तक्रार द्या. सायबर हेल्पलाइन १९३० आणि चाइल्डलाइन १०९८ हे नंबर घरात लिहून ठेवा.

शाळेशी भांडण करायचं नाही. शिक्षकही बहुतेक वेळा कौतुकानेच फोटो टाकतात. पण मूल आपलं आहे, आणि त्याचा चेहरा जगाला दाखवायचा की नाही, हे आधी आपल्याला विचारलं गेलं पाहिजे.