शील्डहॉलची हिवाळी सेवा

क्लाइड नदीच्या काठची ग्लासगो नगरी एकोणिसाव्या शतकात जहाजबांधणीच्या कारखान्यांनी जितकी संपन्न झाली, तितकीच दाट लोकवस्तीमुळे मलिनही झाली. आणि लक्षावधी नागरिकांच्या मैल्याची विल्हेवाट कशी लावावी हा प्रश्न नगरपालिकेपुढे उभा राहिला, तेव्हा मैलापाण्यातील गाळ तळाशी बसवून तो जहाजात भरावा आणि ब्यूट बेटाच्या दक्षिणेस, गॅरक हेडनजीकच्या समुद्रात सोडावा, अशी तजवीज तिने १९०४ पासून केली. या कामावरच्या बोटींना पुढे अनपेक्षित प्रतिष्ठा लाभली. पहिल्या महायुद्धात घायाळ झालेल्या सैनिकांना हवापालट म्हणून त्यांतून नेण्याचा प्रघात पडला, आणि युद्ध संपल्यावर तो शहरातील सामान्य नागरिकांच्या उन्हाळी सहलींच्या रूपाने टिकून राहिला. पोटात नगरीचा मैला आणि माथ्यावर त्याच नगरीचे प्रफुल्ल आबालवृद्ध घेऊन अशी बोट नदीमुखाकडे निघे, यात कोणास काही विपरीत वाटत नसे.

याच परंपरेतील 'शील्डहॉल' ही आगबोट रेनफ्रू येथील लॉबनिट्झ कंपनीने बांधली, आणि १९५५ साली ती पाण्यात उतरली. तिची लांबी २६८ फूट, आणि खलाशांखेरीज सुमारे ८० उतारूंची सोय तिच्यावर केलेली होती. तोवर डिझेलचे युग सुरू झाले असले, तरी हिला मात्र वाफेची दोन इंजिने बसवण्यात आली; बॉयलरमधून निघालेली वाफ लहान, मध्यम आणि मोठ्या अशा तीन सिलिंडरांत क्रमाक्रमाने प्रसरण पावून तिन्ही दट्ट्यांना गती द्यायची, हीच त्या इंजिनांची रचना, आणि १९१२ साली बुडालेल्या 'टायटॅनिक'ची मुख्य इंजिनेही याच तत्त्वावर चालत. शील्डहॉलच्या पोलादी अंगात रिव्हेट ठोकण्याची जुनी रीत आणि वेल्डिंगची नवी रीत अशा दोन्ही एकत्र नांदतात, त्यामुळे दोन युगांच्या संधिकालाचा दाखलाच तिच्या रूपाने उपलब्ध आहे.

ग्लासगोची चाकरी १९७६ साली संपल्यावर इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील जलखात्याने तिला विकत घेतले, आणि साउथॅम्प्टनकडील गाळ वाइट बेटापलीकडे नेण्याच्या कामी ती १९८५ पर्यंत राबली. मग मोडीत निघण्याची वेळ आली असता, १९८८ साली 'सोलेंट स्टीम पॅकेट' या संस्थेने तिचा ताबा घेतला. आणि तेव्हापासून तिचा सगळा कारभार बिनपगारी स्वयंसेवक सांभाळीत आले आहेत.

उन्हाळ्यात ही बोट उतारू घेऊन समुद्रावर जाते, ते सर्वांना दिसते. परंतु तिचे आयुष्य वाढते ते हिवाळ्यात. भट्ट्या विझलेल्या, बंदरावर बोचरा वारा, आणि धक्क्याला बांधलेल्या बोटीच्या पोटात माणसे गंजाचे पापुद्रे हातोडीने उडवीत, उघड्या पडलेल्या पत्र्यावर रंगाचे हात देत असतात. बॉयलरच्या नळ्यांत साचलेली काजळी तारेच्या कुंचल्यांनी खरवडून काढावी लागते, कारण तिच्यातील गंधक दमट हवेत धातू खाऊ लागतो. इंजिनाच्या फिरत्या धुरेवरील बेअरिंग किती झिजले हे पाहण्याची रीत तर पाहण्याजोगी आहे: वरची टोपी उचलून धुरेवर शिशाची बारीक तार ठेवायची, टोपी पुन्हा घट्ट आवळायची, आणि पुन्हा उघडून त्या चपट्या झालेल्या तारेची जाडी मोजायची, जितकी जाडी, तितकी धुरा आणि बेअरिंग यांमधील फट. पुढे सरकारी तपासनीसापुढे बॉयलर उघडा ठेवावा लागतो, आणि त्याने मंजुरी दिल्याखेरीज उतारू घेण्याचा परवाना मिळत नाही. भट्टी पेटवतानाही घाई चालत नाही. जाड पत्र्याचा तो अवाढव्य बॉयलर सगळीकडे सारखा तापला नाही, तर ताण पडून सांधे गळू लागतात, म्हणून वाफ चढवायला एक दिवस किंवा त्याहून अधिक अवधी द्यावा लागतो.

हे सारे पुस्तकात लिहिता येते, परंतु बेअरिंगवर हाताचा पंजा टेकवून ते नेहमीपेक्षा अधिक तापले आहे की नाही हे ओळखणे, किंवा इंजिनाच्या ठेक्यातील किंचित फरकावरून कोणता सांधा सैल झाला हे जाणणे, हे ज्ञान केवळ जाणत्याच्या सान्निध्यात, हातात पाना घेऊनच मिळते. म्हणूनच ही बोट जपणे म्हणजे केवळ पोलादाचा सांगाडा जपणे नव्हे. ती चालती राहिली तरच ती विद्या चालती राहील, आणि ज्यांनी आगबोटींवर उमेदीची वर्षे घालवली त्यांना ती पुढच्या पिढीच्या हाती सोपवता येईल. शहराचा मैला वाहणारी बोट अशी मानाने जपली जावी, यात मला श्रमाविषयीचा खरा आदर दिसतो; राजेमहाराजांच्या नौका जपायला कोणीही पुढे येतो.

आपल्या कोकणपट्टीला हा विषय परका नाही. मुंबईहून दाभोळ, रत्नागिरी, वेंगुर्ले, पणजी या बंदरांना जाणाऱ्या आगबोटींवर आपल्या कित्येक पिढ्यांचे दळणवळण अवलंबून होते, आणि रत्नागिरी जिल्ह्यातील अनेक घराण्यांच्या पुरुषांनी सारंग, तांडेल व खलाशी म्हणून विलायती कंपन्यांच्या बोटींवर हयात घालवली. त्यांनी हाताने मिळवलेल्या विद्येची नोंद आपल्या दप्तरांत फार थोडी आहे. शील्डहॉलचे स्वयंसेवक दर हिवाळ्यात जे करतात, त्यापासून आपण एवढा बोध घेतला पाहिजे, की जुन्या यंत्रांजवळ अद्याप बसू शकणारी माणसे आपल्यात आहेत तोवर त्यांना विचारावे, त्यांच्याकडून शिकावे, आणि एखादे तरी जुने इंजिन त्यांच्याच देखरेखीखाली पुन्हा सुरू करून दाखवावे.