रिकामा प्रोसेसर काय करतो?

रिकामा न्हावी कुडाला तुंबड्या लावी. डॉसच्या काळातला प्रोसेसर याच जातीचा. काळ्या पडद्यावर कर्सर लुकलुकतोय, माणूस चहाला गेलाय, आणि आत प्रोसेसर कीबोर्डला विचारत बसलाय: कळ दाबली? नाही. आता? नाही. आता? सेकंदाला हजारो वेळा. काम शून्य, वीज पुरेपूर.

गंमत म्हणजे थांबायचा हुकूम त्याला पहिल्यापासून कळत होता. इंटेलच्या १९७८ सालच्या ८०८६मध्ये ‘हॉल्ट’ ही एका बाइटची आज्ञा होती: कोणी हाक मारेपर्यंत पुढचं काही करू नकोस. पण तिचा विजेच्या बचतीशी फारसा संबंध नव्हता. भिंतीतल्या प्लगवर चालणाऱ्या यंत्राच्या विजेची फिकीर करतो कोण? बॅटरी आली तेव्हा हिशेब सुरू झाला. १९९३च्या ‘एसएल एनहान्स्ड’ ४८६मध्ये हॉल्ट मिळताच आतलं घड्याळच थांबू लागलं.

तरी विंडोज ९५ हा हुकूम देईना. हॉल्ट दिला की काही लॅपटॉप कायमचेच गोठत, म्हणून ती सोय बंदच ठेवली होती. मग हौशी लोकांनी ‘रेन’, ‘वॉटरफॉल’ अशा नावांच्या चिमुकल्या प्रोग्रॅमांनी प्रोसेसरला विसावा दिला. नावंही कशी, अंगावर गार पाणी ओतल्यासारखी!

१९९६च्या अखेरीस इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी ‘एसीपीआय’ हे मानक काढलं आणि झोपेला पायऱ्या पडल्या. सी१ म्हणजे डुलकी. आकडा वाढेल तशी झोप गाढ. पुढे ट्रान्झिस्टर इतके बारीक झाले की घड्याळ थांबवूनही वीज झिरपत राहू लागली. त्यावर २००८च्या सुमारास सी६ आला. प्रोसेसरच्या कोअरने हातातलं काम बाजूच्या छोट्या मेमरीत ठेवायचं आणि मग कोअरचं व्होल्टेजच जवळजवळ शून्यावर आणायचं. दिवा मंद करण्यापेक्षा मेन स्विच पाडलेला बरा.

पण गाढ झोपलेल्याला उठवायला वेळ लागतो. लिनक्सच्या तक्त्यात २०१३च्या हॅसवेल पिढीच्या सी१०साठी जागं व्हायला २६०० मायक्रोसेकंद दिलेत, आणि झोप परवडायला निदान ७७०० मायक्रोसेकंदांची सवड हवी. आता हे बघा: २००३ साली आलेल्या लिनक्स २.६ची टिकटिक इंटेलच्या प्रोसेसरांवर सेकंदाला १००० वेळा व्हायची, म्हणजे दर १००० मायक्रोसेकंदांनी दारावर थाप. काम असो-नसो, थाप ठरलेली. अशा घरात कुंभकर्णाचाही डोळा लागणार नाही.

माझ्या मते या कुळकथेतला खरा पराक्रम सिलिकॉनचा नाही, ही थाप बंद करण्याचा आहे. २००७ साली लिनक्स २.६.२१मध्ये रिकाम्या वेळची टिकटिक काढली गेली. पुढचं काम कधी आहे ते बघून तेवढ्याच वेळेचा गजर लावायचा. विंडोजला हे शहाणपण २०१२मध्ये, आठव्या आवृत्तीत आलं.

थापा मारणारे इतरही निघाले. इंटेलने २००७मध्येच ‘पॉवरटॉप’ हे साधन काढलं. कोणता प्रोग्रॅम प्रोसेसरला सेकंदाला किती वेळा उठवतो, ते त्यात नावानिशी दिसतं. तुमच्या लॅपटॉपवर लिनक्स असेल तर एकदा चालवून बघा. सगळे प्रोग्रॅम बंद करायची गरज नाही. पाच मिनिटं कीबोर्डला हात न लावता ती यादी नुसती वाचा.