पुंगळी

जिल्ह्याच्या पानावर एक बातमी अधूनमधून ठरलेल्या साच्यातून निघते. अमुक फाट्यावर पोलिसांनी सापळा रचला, एकाला ताब्यात घेतले, 'एक गावठी कट्टा व दोन जिवंत काडतुसे' जप्त केली. गोळीबार झाला असेल तर पुढे आणखी एक वाक्य असते: घटनास्थळी रिकाम्या पुंगळ्या सापडल्या. बातमीदाराने 'पुंगळी' हा शब्द सवयीने लिहिलेला असतो. पण नकळत त्याने काडतुसाचे मूळ नावच परत केलेले असते.

काडतूस म्हणजे मुळात कागदाची पुंगळी. इटालियन भाषेत 'कार्ता' म्हणजे कागद आणि 'कार्तोच्चो' म्हणजे कागदाची गुंडाळी. त्यावरून फ्रेंचांचा 'कार्तूश' आला आणि पोर्तुगीजांचा 'कार्तूशु'. पोर्तुगालमध्ये आजही कागदाच्या सुरळीला कार्तूशु म्हणतात. आपल्याकडे शेंगदाणेवाला वर्तमानपत्राचा तुकडा तिरका गुंडाळून टोक मुडपतो, तीच ती. आपण हा शब्द यांतल्या नेमक्या कोणाकडून उचलला यावर वाद घालता येईल. पिस्तूल पोर्तुगीजांचे, तुरुंगही त्यांचाच, म्हणून माझा कल त्यांच्याकडे आहे. कार्ड, कार्टन आणि कार्टून हे याच घराण्यातले भाऊबंद. म्हणजे व्यंगचित्र आणि काडतूस एकाच आजीची नातवंडे.

कागद बंदुकीत कसा शिरला, हे कळायला ठासणीची बंदूक डोळ्यांपुढे आणावी लागते. शिंगड्यातून दारू नळीत ओतायची, त्यावर चिंधीचा किंवा नारळाच्या काथ्याचा बोळा, गजाने ठासायचे, मग गोळी, ती घरंगळू नये म्हणून परत बोळा, परत ठासणे. कानाशी चिमूटभर रंजक. तोड्याची बंदूक असेल तर वर जळता तोडा सांभाळायचा. एवढे करूनही कधी नुसती रंजकच फुर्रकन उडायची आणि बार आत तसाच राहायचा. मराठीला 'फुसका बार' असा फुकट मिळालेला नाही. 'ठासून भरणे' आणि 'बत्ती देणे' हेही याच कारखान्यातले. त्या काळी प्रत्येक बंदूकवाला स्वतःचा बार स्वतःच भरत होता. त्याला वेगळे नाव द्यायची गरज कोणाला वाटली नव्हती.

आमच्या घरी माळ्यावरच्या पेटीत एक लोखंडी वस्तू होती. लहानपणी मी तिला अडकित्ताच समजत होतो. दोन दांडे, मध्ये खिळा, पुढे दोन जाड जबडे. पण जबड्यांना धार नव्हती. प्रत्येकात अर्ध्या बोराएवढी वाटी कोरलेली होती आणि जबडे मिटले की वर एक बारीक तोंड उरायचे. आजोबांनी सांगितले, हा गोळीचा साचा. बंदूक केव्हाच सरकारजमा झाली, साचा मागे राहिला. त्या तोंडातून वितळलेले शिसे ओतत, निवले की जबडे उघडत. गोळीला शेंडीसारखे एक टोक राहायचे, ते चाकूने छाटायचे. शिसे ३२७ अंशांना वितळते, चुलीवरच्या पळीतही. वापर कशासाठी होता म्हणाल, तर डुकरे हाकायला. आमचे सोयगाव अजिंठ्याच्या डोंगराच्या उत्तर पायथ्याशी. आमचे पाणी तापीला जाते, बाजार जळगाव-पाचोऱ्याला, आणि रानडुकरे उतरतात ती थेट मक्यात.

ही सगळी खटपट कागदाने सोपी केली. एका बाराची मोजलेली दारू आणि गोळी घरी, निवांतपणी, कागदाच्या पुंगळीत बांधून ठेवायची. रणात पुंगळी दाताने फाडायची, दारू ओतायची, आणि गोळीबरोबर तो कागदही आत कोंबायचा. कागदच बोळ्याचे काम करी. कसलेला शिपाई यामुळे मिनिटाला तीन बार काढू लागला. कवायती पायदळाचे सगळे सामर्थ्य या कागदी पुडीत होते. आपल्या भागात अशी फौज ठळकपणे आली ती १७५१ मध्ये, बुसी नावाचा फ्रेंच सेनानी निजाम सलाबतजंगाला घेऊन औरंगाबादेत आला तेव्हा. त्याच्या तालमीत तयार झालेला इब्राहिमखान गारदी पुढे पानिपतावर मराठ्यांच्या बाजूने लढला. 'गारदी' हा शब्दही फिरंगी 'गार्ड'चाच. २३ सप्टेंबर १८०३ रोजी असईला इंग्रज सेनानी वेलस्लीसमोर शिंद्यांच्या कवायती पलटणी उभ्या राहिल्या, त्यांच्या कमरेलाही काडतुसांच्या पेट्या होत्या. असई आमच्या डोंगरापलीकडे. वेलस्लीने आपले जखमी ठेवले ते अजिंठा गावात.

अजिंठ्याची लेणी सोयगाव तालुक्यात येतात हे बाहेरच्या लोकांना सांगावे लागते. २८ एप्रिल १८१९ रोजी मद्रास फौजेतला जॉन स्मिथ वाघामागे आला आणि वाघूर नदीच्या वळणावर त्याला लेणी दिसली. दहाव्या लेण्यात त्याने आपले नाव आणि तारीख कोरून ठेवली, तो उद्योग आजही वाचता येतो. त्या दिवशी त्याच्याकडची बंदूक तोंडातूनच भरायची असणार, दुसरी जात तेव्हा फौजेत नव्हतीच. पुढे चित्रांच्या नकला करायला रॉबर्ट गिल आला, १८४४ पासून जवळजवळ दोन दशके राहिला. त्याच्या नावावर दीडशेच्या आसपास वाघ सांगतात. त्याच्या हयातीतच बंदूक पार बदलली. चकमक गेली, टोपी आली. टोपी म्हणजे तांब्याची इवलीशी वाटी, आत ठोका बसताच पेट घेणारे रसायन. मग कागद गेला आणि धातूची पुंगळी आली. गिलची कबर भुसावळला आहे, मृत्यू १८७९ चा.

कागदी काडतुसापायी काय झाले हे शाळेतल्या पोरालाही पाठ असते. एनफिल्ड रायफलीच्या काडतुसाला चरबी लावलेली होती आणि ते दाताने फाडायचे होते. गाय की डुक्कर या संशयातून फौज पेटली. दातांऐवजी हाताने फाडा, अशी सवलत सरकारने दिली तोवर उशीर झाला होता. मेरठमध्ये काडतूस घ्यायला नकार देणाऱ्या ८५ घोडेस्वारांना शिक्षा झाली आणि १० मे १८५७ रोजी उठाव झाला. मला गंमत वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. त्याच वर्षी अमेरिकेत स्प्रिंगफील्ड गावी स्मिथ आणि वेसन या जोडगोळीने आपले पहिले रिव्हॉल्व्हर विक्रीला काढले, आणि त्यात घालायचे काडतूस धातूचे होते. त्याला ना फाडायचे होते, ना चावायचे. कागदाच्या पुडीपायी इकडे राज्य हादरत होते तेव्हा तिकडे ती पुडीच निकालात निघत होती. नाव मात्र काडतूसच राहिले. पुंगळी तांब्यापितळेची झाली तरी भाषेने तिला कागदच म्हटले.

पितळी पुंगळीने आणखी एक फरक केला. कागद जळून जायचा. पितळ जळत नाही, बार उडाल्यावर ते हातात परत येते. रिकामे भांडे घरात आले की बाई ते टाकून देत नाही, पुन्हा भरते. तोच विचार अमेरिकेतल्या शिकाऱ्यांना सुचला आणि ज्या कामाला पूर्वी नाव नव्हते ते छंद म्हणून जन्माला आले: हाताने काडतूस भरणे. जॉन बार्लो नावाच्या माणसाने १८८४ मध्ये आयडियल नावाची कंपनी काढली. ती साचे आणि भरायचे चिमटे विकत असे. पुढे ती लायमन कंपनीने घेतली. यातही एक खोच आहे. १८६६ च्या सुमारास पुंगळीच्या बुडाशी टोपी बसवायच्या दोन रीती निघाल्या. एक अमेरिकन बर्डनची, दुसरी इंग्रज बॉक्सरची. बॉक्सरच्या रीतीत वापरलेली टोपी सहज निघते, बर्डनच्या रीतीत निघता निघत नाही. इंग्रजांच्या फौजेने पुढे बर्डनची रीत धरली, अमेरिकेने बॉक्सरची. म्हणजे दोघांनी आपापली पोरे दत्तक देऊन टाकली, आणि हा छंद फोफावला तो अमेरिकेत.

आता ज्या गोळीसाठी हा सगळा पसारा मांडला, तिच्याकडे येतो. तिचे नाव वॉडकटर. वॉड म्हणजे आपला बोळा किंवा डट्टा. काडतुसांच्या दिवसांआधी नमदा किंवा पुठ्ठा यांच्या गोल चकत्या कापून डट्टे करत आणि त्या कापायला पोकळ तोंडाचा पंच असे, वर हातोडी मारायची. चांभाराकडे पट्ट्याला भोक पाडायला असतो त्याचा थोरला भाऊ. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या आसपास निशाणबाजीसाठी एक गोळी निघाली. ती पुठ्ठ्यावर बसली की त्या पंचाने कापावी तशी गोल चकती उडवायची. म्हणून नाव पडले डट्टेकाप्या. शिकाऱ्याच्या हत्याराचे नाव गोळीला चिकटले.

मी असे निशाण हातात घेऊन पाहिले आहे, एका रायफल क्लबात. पुठ्ठ्यावर दोन भोके शेजारी होती. पहिले गोल नाकाच्या गोळीचे. कागदाचे तंतू बाजूला सारून ती गेली होती आणि मागे ते पुन्हा मिटले होते. भोक गोळीपेक्षा लहान, कडेला फाटलेली जिभली, भोवती शिशाची काळपट कड. दुसरे वॉडकटरचे. एसटीचा कंडक्टर चिमट्याने तिकीट टोचायचा ना, तसे. कडा स्वच्छ, पलीकडची भिंत दिसेल इतके गोल. सोयगाव आगाराच्या गाड्यांतून शाळेत गेलेल्या माणसाला दुसरी उपमा सुचणे अवघड आहे.

भरलेले काडतूस पाहिले तर पहिल्यांदा फसवणूकच वाटते. गोळीला नाक नाही. ती सपाट डोक्याची, सरळ बाजूंची, खडूच्या तुकड्यासारखी, आणि पुंगळीच्या काठापर्यंत आत बसवलेली. आत गोळी आहे की नाही म्हणून वाकून पाहावे लागते. शिसे मऊ, दारू बेताची, वेग मुद्दाम कमी. काही जातींत बूड पोकळ असते, मागून दाब आला की ते फुलून नळीच्या आट्यांना चिकटते. सपाट डोक्यामुळे ती लांब पल्ल्याला नालायक. पंचवीस-पन्नास मीटरच्या पुढे तिच्याकडून अपेक्षा करू नये. आणि ती रमली रिव्हॉल्व्हरमध्येच, कारण तिथे काडतूस माणूस हाताने घरात ठेवतो. आपोआप भरणाऱ्या पिस्तुलात गोळीला उतारावरून घसरत वर जायचे असते, तिथे बिननाकाची गोळी अडते. तिला चालवायला पिस्तुले मुद्दाम वेगळी घडवावी लागली.

सरावाला हजारांनी गोळ्या लागतात, जोर नको असतो, सारखेपणा हवा असतो. त्यामुळे हाताने भरणाऱ्यांची ही लाडकी. तिकडचे हौशी लोक शिशाला कठीणपणा आणायला छापखान्यातले जुने खिळे गोळा करतात, कारण त्यात कथिल आणि अँटिमनी असते. आपल्याकडे ऑफसेट आल्यावर खिळे भंगारात किलोवर गेले. जुळाऱ्यांची एक पिढी ज्या शिशात 'ज्ञ' आणि 'क्ष' शोधत होती, तेच शिसे.

इथे मात्र कोणी स्वयंपाकघरात हा उद्योग मांडू नये. १९५९ च्या शस्त्र कायद्याने परवान्याशिवाय काडतूस बनवणे गुन्हा आहे. आपल्याकडे काडतूस म्हणजे कारखान्याची वस्तू. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ चा, त्याच्या पुंगळ्यांच्या बुडावर 'केएफ' ही अक्षरे असतात. आम्हाला जवळचा वरणगावचा, १९६४ चा. सोयगावातून जळगावमार्गे भुसावळकडे निघालात की पुढे लागतो.

पण बत्तीस बोराची वॉडकटर भारतात अनोळखी नाही. पंचवीस मीटर सेंटरफायर पिस्तूल या प्रकारात बहुधा तीच वापरतात. स्पर्धेच्या नियमाने गोळी शिशासारख्या मऊ धातूचीच लागते. जसपाल राणाने १९९४ मध्ये हिरोशिमाच्या आशियाई स्पर्धेत याच प्रकारात सुवर्ण घेतले आणि २००६ मध्ये दोह्याला ५९० गुणांसह जागतिक विक्रमाशी बरोबरी केली. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत पालेम्बांगला पंचवीस मीटरचेच सुवर्ण मिळवले, पण ते लहान बोराच्या पिस्तुलाचे. तिथली काडतुसे एकदा उडाली की संपली, ती पुन्हा भरता येत नाहीत.

आमच्या डोंगरातले वाघ गेले, १९७२ पासून शिकारही गेली. आजोबांच्या साच्याला आता गंज चढला आहे. कागदाच्या पुंगळीतून निघालेल्या या घराण्यात वॉडकटर ही एकच गोळी अशी, जी कागदावरच बेतलेली आहे. पंचवीस मीटरच्या अचूक नेमाच्या निशाणावर दहाचे वर्तुळ पन्नास मिलिमीटरचे असते. भोकाची कड त्याच्या रेषेला बाहेरून नुसती चाटून गेली, तरी दहा गुण मिळतात.