सालबाईचा तह आणि डेल्सफर्डचं चर्च

शाळेत आपण वॉरन हेस्टिंग्ज पाठ केला तो तीन ओळींत. बंगालचा पहिला गव्हर्नर जनरल. 1782 चा सालबाईचा तह. मायदेशी गेल्यावर पार्लमेंटमध्ये महाभियोग. ‘टिपा लिहा’मध्ये हमखास यायचा. परीक्षा झाली की आपण त्याला सोडून दिलं. तो पुढे कुठे गेला, कुठे मेला, हे विचारायचं कुणालाच सुचलं नाही.

गेल्या जूनमध्ये आपल्याच तुकडीतला एक मित्र सपत्नीक आमच्याकडे लंडनला आला. राजवाडा, मोठं घड्याळ, पूल सगळं दोन दिवसांत उरकलं. ‘आता खेडी दाखव’ म्हणाला. शनिवार-रविवार जोडून आम्ही चौघं गाडीनं कॉट्सवोल्ड्सकडे निघालो. ऑक्सफर्ड मागे टाकलं की तासाभराच्या आत मधाच्या रंगाच्या दगडी घरांचा हा टेकड्यांचा मुलूख लागतो. बिस्किटांच्या डब्यावर जे इंग्लंड छापतात, ते हेच.

ही श्रीमंती मेंढ्यांची. चौदाव्या-पंधराव्या शतकात इथली लोकर पार फ्लँडर्स आणि इटलीपर्यंत जायची. तिच्या नफ्यातून व्यापाऱ्यांनी एवढ्याशा गावांत कॅथीड्रलला शोभतील अशी चर्चेस बांधली. लोकरीचं देशाला किती महत्त्व होतं ते पाहायचं तर हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये जावं. तिथला अध्यक्ष अजूनही लोकर भरलेल्या गादीवर बसतो. पुढे कापडाचा धंदा कोळसा आणि गिरण्यांच्या मागोमाग उत्तरेला यॉर्कशायरकडे गेला आणि इथं नवं बांधायला पैसाच उरला नाही. जुनं टिकलं त्यामागे हौस कमी आणि गरिबी जास्त. आपल्याकडचे कितीतरी वाडे असेच टिकले, मग भाव आल्यावर पडले. इथं पडू दिले नाहीत, एवढाच फरक.

पहिला मुक्काम बर्फर्ड. उतारावरचा एकच मोठा रस्ता, खाली नदी, नदीजवळ चर्च. मे 1649 मध्ये क्रॉमवेलनं आपल्याच सैन्यातले सुमारे 340 बंडखोर शिपाई या चर्चमध्ये कोंडले होते. हे लेव्हलर्सच्या विचाराचे लोक. थकलेला पगार द्या, आम्हाला आयर्लंडवर पाठवू नका, सामान्य माणसालाही मत असू द्या, या त्यांच्या मागण्या. 17 मे रोजी तिघांना चर्चच्या आवारात गोळ्या घातल्या आणि बाकीच्यांना ते पाहायला लावलं. त्यातल्या अँथनी सेडली नावाच्या एकानं बाप्तिस्म्याच्या दगडी कुंडाच्या शिशाच्या पत्र्यावर आपलं नाव, साल आणि ‘कैदी’ हा शब्द कोरून ठेवला. अक्षरं अजून वाचता येतात. शुद्धलेखन चुकलेलं आहे. मित्र बराच वेळ त्यापाशी उभा होता. बाकावर कर्कटकानं नाव कोरण्यात त्याचा हात शाळेत कुणी धरला नव्हता, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे.

बर्फर्डहून उत्तरेला दहाएक मैलांवर चर्चिल नावाचं छोटं गाव आहे. त्या प्रसिद्ध पंतप्रधानांचा याच्याशी संबंध नाही. इथं 6 डिसेंबर 1732 रोजी वॉरन हेस्टिंग्ज जन्मला. इंग्लंडचा पहिला भूस्तर-नकाशा 1815 साली काढणारा विल्यम स्मिथ हा लोहाराचा मुलगाही याच गावचा, जन्म 1769. गावात त्याच्या नावानं भला थोरला दगडी स्तंभ आहे.

हेस्टिंग्जची आई त्याच्या जन्मानंतर लगेच वारली, बाप सोडून गेला. आजोबा जवळच्या डेल्सफर्ड गावचे धर्मगुरू. तिथली जमीनदारी पूर्वी या घराण्याची होती, पण कर्जापायी 1715 मध्ये विकली गेली. सात वर्षांचा असताना ओढ्याकाठी पडल्या पडल्या आपण ती परत मिळवायचं ठरवलं, असं हेस्टिंग्जनंच म्हातारपणी सांगितलं. मिळवली ती 1788 मध्ये. त्याच वर्षी फेब्रुवारीत वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये त्याच्यावरचा खटला उभा राहिला. बर्कनं चेतसिंगाचा छळ, अवधच्या बेगमांची लूट, सगळं मांडलं. खटला सात वर्षं चालला आणि 1795 मध्ये तो निर्दोष सुटला. वकिलांवर सत्तर हजार पौंडांच्या वर गेले. मग कंपनीनंच त्याला वर्षासन बांधून दिलं.

डेल्सफर्डला फाट्यावरून आत वळलं की झाडीतलं लहानसं चर्च दिसतं. त्याचं घर खासगी मालकीचं, आत जाता येत नाही. चर्चच्या पूर्वेच्या भिंतीबाहेर दगडी कलश आहे, त्यावर नाव आणि साल: 1818. मित्रानं साल वाचलं आणि माझ्याकडे पाहिलं. मराठी शाळेत शिकलेल्याला 1818 समजावून सांगावं लागत नाही. बाजीराव 3 जूनला माल्कमच्या स्वाधीन झाला आणि हेस्टिंग्ज इथं 22 ऑगस्टला वारला. जहाजाला महिनोन् महिने लागत, तेव्हा ती शेवटची बातमी बहुधा त्याच्यापर्यंत आली नसेल. खडकीची मात्र नक्कीच आली असणार. (पेशवाई बुडाली तेव्हाचा गव्हर्नर जनरल मार्क्विस ऑफ हेस्टिंग्ज. तो हा नव्हे. या घोळात कितीजणांचे गुण गेले असतील!)

तिथल्या बाकावर बसून आमचा वाद झाला. मित्राचं म्हणणं, चोराची समाधी पाहायला एवढं पेट्रोल कशाला जाळायचं? मी म्हटलं, 1779 मध्ये वडगावला आपल्या लोकांनी मुंबईकर इंग्रजांना गुडघ्यावर आणलं. तो करार मोडीत काढला तो यानं. बंगालमधून फौज थेट देश ओलांडून सुरतेला धाडली, ग्वाल्हेरचा किल्ला घेतला आणि शेवटी महादजींना मध्ये घालून सालबाईला तह केला. वसई आपल्याला परत मिळाली, साष्टी गेली. म्हणजे वांद्र्यापासून पुढची सगळी उपनगरं. वीस वर्षांची शांतता आपण विजय समजून साजरी केली. ज्यानं आपल्याला इतकं नीट ओळखलं, त्याचं गाव आपण पाहू नये? विल्किन्सच्या 1785 च्या इंग्रजी गीतेला प्रस्तावनेचं पत्रही यानंच लिहिलं. हे सांगितल्यावर मित्र जास्तच चिडला. माझ्या मते न्यायालयानं त्याला सोडलं तरी बनारसच्या राजाचा हिशेब बाकीच आहे. पण वहिनींना आवडली ती वेगळीच गोष्ट: या माणसानं निवृत्तीनंतर अलिपूरच्या आपल्या जुन्या बागेतून सीताफळाचं बी मागवलं होतं. इंग्लंडच्या थंडीत सीताफळ!

रविवारी सेझिनकोट पाहिलं. मॉर्टन-इन-मार्शहून दोनेक मैल. ओकच्या झाडीतून वळण घेतलं की समोर हिरवट तांब्याचा घुमट, छज्जे, मोरपिसाऱ्यासारख्या कमानी. चार्ल्स कॉकरेलनं कंपनीच्या नोकरीत बंगालमध्ये पैसा मिळवला आणि 1805 च्या सुमारास हे घर बांधायला घेतलं. नकाशे भाऊ सॅम्युएलचे. डेल्सफर्डचं घरही त्यानंच बांधलं. त्यानं स्वतः हिंदुस्थान कधी पाहिला नव्हता. बागेच्या कामी थॉमस डॅनिएल होता आणि त्यानं मात्र पाहिला होता, अगदी मुंबईच्या आसपासची लेणीही. ओढ्यावरच्या पुलाच्या कठड्यावर नंदी बसलेत आणि खालचे आखूड, जाड खांब घारापुरीच्या लेण्यांवरून घेतलेत. वर सूर्याचं देऊळ. घराच्या आत सगळा थाट युरोपीय! 1807 मध्ये युवराज हे पाहून गेला आणि ब्रायटनच्या त्याच्या राजवाड्याला पुढे घुमट आले. पुलाखाली वाकून खांबांवर हात फिरवताना मित्राचा राग जरा निवळला. घारापुरीची आपली सहल त्याला आठवली, बोट लागून तो आडवा झाला होता ती.

शेवटी चिपिंग कॅम्पडन. 1627 ची बाजारपेठेची खुली इमारत आणि 1401 मध्ये वारलेल्या लोकरीच्या व्यापाऱ्याचं, विल्यम ग्रेव्हेलचं घर. पण माझा ओढा शेजारच्या ब्रॉड कॅम्पडनकडे. तिथल्या एका जुन्या नॉर्मन चॅपेलमध्ये 1907 पासून आनंद कुमारस्वामी राहिले. मध्ययुगीन सिंहली कलेवरचं आपलं पुस्तक त्यांनी तिथंच, विल्यम मॉरिसच्या जुन्या छापखान्यावर स्वतःच्या देखरेखीखाली छापून घेतलं. सेझिनकोटपासून हे सहा-सात मैलांवर. पहिल्या घराला हिंदुस्थानचा घुमट आवडला. या घरातल्या माणसानं असा घुमट घडवणाऱ्या कारागिराचं काय झालं ते विचारलं.

येणार असाल तर मे ते सप्टेंबरमध्ये या. सेझिनकोट आठवड्यातले मोजकेच दिवस उघडं असतं, आधी पाहून घ्या. गाडीत तिघांची जागा आहे.