भुयारात कोणाच्या डोळ्यांनी उतरायचं?

संगणकावरच्या रोल-प्लेइंग खेळांचा इतिहास सांगताना आपण एक गोष्ट सहज गृहीत धरतो. आधी वरून दिसणारे साधे नकाशे होते, मग यंत्रं सुधारली आणि आपण पात्राच्या डोळ्यांतून पाहू लागलो. म्हणजे एक दृष्टी मागासलेली, दुसरी पुढारलेली. तारखा पाहिल्या की हे काही टिकत नाही.

अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात उभ्या राहिलेल्या ‘प्लेटो’ या संगणकव्यवस्थेवर १९७५ साली ‘पेडिट५’ आला. त्यात भुयार वरून दिसे. १९७७ मध्ये तिथेच ‘ऊब्लिएट’ आला, त्यात समोर बोळ दिसे. दोहोंत अंतर अवघं दोन वर्षांचं. पुढे १९८१ च्या ‘अल्टिमा’त तर दोन्ही एकत्र आहेत. रिचर्ड गॅरियटने माळरान आणि गावं वरून दाखवली, पण भुयारात उतरलं की फक्त रेघांनी काढलेल्या भिंती. तेव्हा प्रश्न यंत्राच्या ताकदीचा नव्हता. खेळणाऱ्याला काय कळावं आणि काय कळू नये, हा होता.

हे नीट समजायला त्याच वर्षीचं ‘विझर्ड्री’ पाहू. अँड्र्यू ग्रीनबर्ग आणि रॉबर्ट वुडहेड यांचा हा खेळ. दहा मजले, प्रत्येक मजला वीस गुणिले वीस चौकटींचा. पडद्यावर नकाशा नाही. तो आपणच ग्राफ पेपरवर पेन्सिलीने काढायचा. त्यातही काही चौकटी अशा, की तिथे पाय पडताच आपलं तोंड नकळत दुसरीकडे वळतं. आपण समजतो उत्तरेला चाललोय, आणि चाललेलो असतो पूर्वेला. आता बघा, हाच सापळा वरून दाखवला असता तर? पहिल्याच क्षणी फजिती उघड झाली असती. पात्राच्या डोळ्यांतून पाहणं म्हणजे अधिक दिसणं नव्हे, कमी दिसणं. अभिमन्यूला व्यूह दिसत नाही, समोरचे योद्धे दिसतात. युद्ध अवघं दिसतं ते संजयाला, पण त्याला बाण लागत नाही.

आणि या खेळात बाण लागतोच. आपल्या सहा जणांची तुकडी खाली मेली, तर प्रेतं तिथेच राहतात. मग नवी तुकडी उभी करून त्याच जागी उतरायचं, त्यांना वर आणायचं आणि मंदिरात जिवंत करायचा प्रयत्न करायचा. तोही फसू शकतो. पण ते पडले कुठे? कागदावर खूण असेल तरच त्यांच्यापर्यंत पोचता येतं. मेलेल्यांनी जे अनुभवलं ते मागून येणाऱ्यांचं ज्ञान होतं, ते या नकाशामुळे. आम्ही तत्त्वज्ञानवाले ज्याला अनुभवाकडून ज्ञानाकडे जाणं म्हणतो, ते इथे पेन्सिलीच्या टोकाशी घडत होतं.

जपानमध्ये युजी होरी यांनी हे दोन्ही खेळ पचवून १९८६ मध्ये ‘ड्रॅगन क्वेस्ट’ रचला. प्रवास वरून, लढाई समोरासमोर. वाट समजावी लागते, शत्रूला सामोरं जावं लागतं, अशी ती वाटणी. १९९२ च्या ‘अल्टिमा अंडरवर्ल्ड’ने भुयारात मोकळेपणी फिरू दिलं, पण नकाशा स्वतःच काढून दिला. आपल्याकडे उरलं त्यावर टिपण लिहिणं. ‘फॉलआउट’ १९९७ मध्ये उंचावरून तिरपा दिसे. २००८ च्या तिसऱ्या भागाने आपल्याला त्या उद्ध्वस्त जगात जमिनीवर उभं केलं, आणि अनेक जुन्या खेळाडूंना ते रुचलं नाही. कारण वरून डाव मांडता येत होता.

तेव्हा वरची दृष्टी जुनी आणि आतली नवी, हे आपण सोडून देऊ. आत उभं राहिल्याशिवाय भीती कळत नाही, वर गेल्याशिवाय वाट कळत नाही. ‘विझर्ड्री’ खेळणारा भुयारात हरवायचा आणि कागदावर सापडायचा. आज बहुतेक खेळांत नकाशा पडद्याच्या कोपऱ्यात आपोआप उमटतो. सोय झाली, हे खरं. पण आतून वर जाण्याचं ते काम आता यंत्र करतं, आणि ते काम हाच त्या खेळाचा निम्मा भाग होता.