विमाने कोणाची होती?

कमांडर मोहन नारायण राव सामंत यांच्या महावीर चक्राचे मानपत्र एका परिच्छेदात संपते. १९७१च्या डिसेंबरात चार बोटींचा ताफा घेऊन त्यांनी पूर्व पाकिस्तानातल्या मोंगला बंदरात शत्रूला बेसावध गाठले, मग खुलन्याकडे कूच केले. तिथे हवाई हल्ल्यांत बांगलादेशाच्या मुक्तीसाठी लढणाऱ्या मुक्तिवाहिनीच्या दोन बोटी बुडाल्या, आणि जिवाची पर्वा न करता त्यांनी पाण्यात पडलेली बरीच माणसे वाचवली, असा त्याचा आशय. ती विमाने कोणाची होती, हे मात्र त्यात कुठेही नाही. वाचणारा शत्रूचीच धरून चालतो.

पण तारखा जुळवून पाहिल्या की शंका येते. बोटी बुडाल्या १० डिसेंबरला. ढाक्याच्या तेजगाव तळाची धावपट्टी भारतीय विमानांनी त्याआधीच उखडून टाकली होती आणि पूर्वेकडचे पाकिस्तानी हवाई दल जमिनीला खिळले होते. मग खुलन्यावर आले कोण?

उत्तर नौदलाच्याच इतिहासात सापडते. व्हाइस अॅडमिरल जी. एम. हिरानंदानी यांच्या 'ट्रान्झिशन टू ट्रायम्फ' या ग्रंथाप्रमाणे हा मारा आपल्याच हवाई दलाकडून चुकून झाला. वरून ओळख पटावी म्हणून बोटींवर पिवळ्या खुणा होत्या, तरीही 'पद्मा' आणि 'पलाश' गेल्या. रायगडातल्या खाडीकाठच्या गावाचे नाव मिरवणारी 'पनवेल' वाचली. विमाने आपलीच, म्हणजे त्यांच्यावर तोफ डागायचीही सोय नाही. अशा आकाशाखाली माणसे उचलणे, हे मानपत्रात लिहिले आहे त्याहून मोठे धाडस होते असे मला वाटते.

'मुक्तिवाहिनीच्या बोटी' हे शब्दही तपासून घ्यावे लागतात. या बोटी मूळच्या कलकत्ता पोर्ट ट्रस्टच्या. त्यांच्यावर बोफोर्स तोफा चढवल्या होत्या आणि अधिकारी भारतीय नौदलाचे होते. याच मोहिमेतले लीडिंग सीमन चिमण सिंग यांनाही महावीर चक्र मिळाले. बोट बुडाल्यावर जखमी अवस्थेत त्यांनी दोघांना वाचवले आणि ते स्वतः शत्रूच्या हाती पडले. म्हणजे सरकारनेच गौरवलेला भारतीय नौसैनिक या बोटींवर होता. एक मानपत्र जे झाकते, ते दुसरे उघड करते.

झाकण्याचे कारण तर्कानेच सांगता येते. 'करंज' पाणबुडीचे पहिले कप्तान असलेले सामंत १९७१मध्ये एका गुप्त मोहिमेची सूत्रे हलवत होते. प्लासीजवळ भागीरथीच्या काठी तयार झालेल्या बंगाली पाणकमांडोंनी १५ ऑगस्टच्या रात्री चितगाव, मोंगला, चांदपूर आणि नारायणगंज इथल्या जहाजांना सुरुंग चिकटवले. मानपत्रात यातले अक्षरही नाही. संदीप उन्नीथन यांच्यासह सामंतांनी लिहिलेले 'ऑपरेशन एक्स' आले थेट २०१९मध्ये, त्यांच्या निधनाच्या वर्षी.

सीमेपलीकडची साधने 'पलाश'च्या इंजिनकक्षात नेतात. तिथे मोहम्मद रुहुल अमीन होते. बोट सोडण्याचा हुकूम झाल्यावरही ते इंजिन वाचवायला थांबले, असे बांगलादेशी वृत्तांत सांगतात. जखमी होऊन ते रूपसा नदीच्या काठाला लागले, आणि तिथे पाकिस्तानच्या बाजूच्या रझाकारांनी त्यांना ठार केले. 'बीरश्रेष्ठ' हा बांगलादेशाचा सर्वोच्च शौर्यसन्मान मिळालेल्या सात जणांत नौदलाचे ते एकटेच.